पाहिलेलं विसरायचं नाही, घाईने दाखवायचंही नाही

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चित्रकलेचं शिक्षण घेतलेलं नाही, चौथीनंतर हातात ब्रश धरलेला नाही. तरी आज एका चित्रकाराबद्दल बोलणार आहे, आणि त्याची सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. जमाव एका माणसाला मारतोय. खाली लिहिलं होतं, ‘आपल्याच शहरात, आज दुपारी.’ माझं रक्त उसळलं आणि मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. साताऱ्याच्या माझ्या खालाने तो पाहिला. ती शिवणकाम करते. दोन दिवस तिने दुकान उघडलं नाही. शेजारच्या घरात लग्न होतं, नवरीचे ब्लाउज खालाकडे होते. नवरीची आई दारावर आली, हाका मारल्या, पण खालाने दार उघडलं नाही. चाळीस वर्षांची ओळख! नंतर कळलं, तो व्हिडिओ दुसऱ्या राज्यातला होता आणि जुना होता. मी ग्रुपवर माफी मागितली. पण ते न उघडलेलं दार काही माझ्या डोक्यातून जाईना.

त्याच काळात मी तय्यब मेहतांबद्दल वाचत होतो. मी जे एका मिनिटात करून मोकळा झालो, तेच या माणसाने आयुष्यभर किती वेगळ्या रीतीने केलं, हे मला सांगायचं आहे.

तय्यब मेहता १९२५ साली गुजरातमधल्या कपडवंजला, दाऊदी बोहरा कुटुंबात जन्मले आणि मुंबईत वाढले. घरचा संबंध सिनेमाच्या धंद्याशी, त्यामुळे सुरुवातीला ते फिल्म एडिटिंगचं काम करत. १९४७ च्या दंगलीत, मोहम्मद अली रोडवर राहत असताना, त्यांनी खिडकीतून पाहिलं की खाली रस्त्यावर जमावाने एका तरुणाला ठेचून मारलं. त्यांना ताप भरला, ते कित्येक दिवस आजारी होते. ते दृश्य आपल्या मनातून कधीच गेलं नाही, असं त्यांनी पुढे मुलाखतींमध्ये सांगितलं आहे.

आता विचार करा. बाविशीचा तरुण, डोळ्यांदेखत खून झालेला, आणि हातात कला. आपल्याला वाटेल, लगेच कागद घेऊन त्याने तो खून रंगवला असेल. तसं झालं नाही. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रेषा, रंग, रचना शिकत होते. १९५२ मध्ये पदविका मिळाली. हुसेन, रझा, सूझा यांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपशी त्यांची जवळीक झाली. आणि त्यांच्या कॅनव्हासवर पहिल्यांदा ठळकपणे आला तो माणूस नव्हता, बैल होता.

कत्तलखान्यात जनावर कापण्याआधी त्याचे पाय बांधून त्याला आडवं पाडतात. एवढं ताकदीचं जनावर, आणि हलता येत नाही. त्या बैलात तय्यब यांना फाळणीनंतरचा आपला देश दिसला. पन्नाशीच्या दशकात सुरू झालेला हा बैल शेवटपर्यंत त्यांच्या चित्रांत येत राहिला. १९७० मध्ये त्यांनी ‘कूडल’ नावाचा सोळा मिनिटांचा लघुपट केला, त्यातही बांद्र्याच्या कत्तलखान्याची दृश्यं आहेत. दुसरा विषय रिक्षावाल्याचा. लहानपणी ते कलकत्त्याला जात, तिथे माणूस ओढतो ती हातरिक्षा त्यांनी पाहिली होती. त्यांच्या चित्रात माणूस आणि रिक्षा वेगळे काढता येत नाहीत, जोखड अंगाचाच भाग होऊन जातं.

आणि तिसरी, कोसळणारी आकृती. ती साठच्या दशकात आली. म्हणजे मोहम्मद अली रोडवरच्या त्या दिवसानंतर दहा-बारा वर्षं तर नक्कीच उलटून गेली होती. या आकृतीकडे नीट पाहा. अंगावर कपडे नाहीत, टोपी नाही, टिळा नाही. मारणारा दिसत नाही, शस्त्र दिसत नाही. फक्त हातपाय, उघडं तोंड आणि खाली पडणं. पडणारा कोणत्या समाजाचा, हे तुम्ही सांगूच शकत नाही. माझ्या व्हिडिओखाली पहिल्याच ओळीत तेवढंच लिहिलं होतं.

मित्रहो, चित्रकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लहरी माणूस येतो. तय्यब यांचं काम कारागिरासारखं होतं. तोच बैल, तीच रिक्षा, तीच पडणारी आकृती. एकेका विषयाची अनेक रेखाटनं. हात कुठे वळला पाहिजे, पाय कुठे तुटल्यासारखा दिसला पाहिजे, यावर दिवसेंदिवस विचार. सुरुवातीला ते रंगाचे जाड थर लावत. १९५९ ते १९६४ ते लंडनमध्ये होते. १९६८ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. तिथे बार्नेट न्यूमन या चित्रकाराचे मोठे, सपाट रंगांचे कॅनव्हास त्यांनी पाहिले. त्यानंतर त्यांचं चित्र पालटलं. जाड थर गेले, सपाट शांत रंग आले, आणि मोजकी रेषा. कॅनव्हास कोपऱ्यातून कोपऱ्यात कापत जाणारी त्यांची प्रसिद्ध तिरपी रेघ १९६९ ची. काही केल्या चित्र जमेना म्हणून वैतागून त्यांनी कॅनव्हासवर काळा फटकारा ओढला, असं सांगतात. वैताग एका क्षणाचा, पण त्या रेघेवर ते पुढे कित्येक वर्षं काम करत राहिले. एकाच आकृतीचे दोन तुकडे होतात, आणि ते तुकडे एकमेकांना सोडतही नाहीत. फाळणी पाहिलेल्या माणसाची ती रेघ आहे, हे वेगळं सांगायला नको.

मनासारखं न झालेलं चित्र ते नष्ट करत. असे कित्येक कॅनव्हास गेले. म्हणूनच त्यांची चित्रं संख्येने कमी आहेत. आमच्या धंद्यात जुनं काहीच जात नाही, प्रत्येक बदल साठवलेला असतो, कधीही मागे जाता येतं. इथे माणूस महिनोन्महिने खपतो आणि शेवटी ‘हे खरं नाही’ म्हणून फाडून टाकतो. घरभाडं डोक्यावर असताना असं करायला काय लागतं, याचा विचार करा. त्यांच्या पत्नी सकीना मेहता यांची साथ नसती, तर हे निभलं नसतं.

पैशाचं म्हणाल तर, २००२ मध्ये त्यांचं ‘सेलिब्रेशन’ हे तीन भागांचं चित्र लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना गेलं. २००५ मध्ये ‘महिषासुर’ पंधरा लाख डॉलरच्या वर गेलं. तोवर तय्यब ऐंशीला टेकले होते. लिलावाचा पैसा त्या वेळी चित्र ज्याच्याकडे असतं त्याला मिळतो, ज्याने काढलं त्याला नाही. २००९ मध्ये ते मुंबईत वारले. २०२५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५६ सालचा त्यांचा तो बांधलेला बैल ६१.८ कोटींना विकला गेला. बातमीत आकडा ठळक होता. बैल कशासाठी काढला होता, ते शोधावं लागलं.

आणखी एक गोष्ट. १९८४-८५ मध्ये ते शांतिनिकेतनला राहिले, आणि पुढच्या काळात त्यांच्या चित्रांत काली आली, महिषासुर आला. बोहरा घरातला माणूस मारणं आणि मरणं समजून घ्यायला या मातीतल्या कथांकडे गेला. त्यासाठी त्याने कुणाची परवानगी मागितली नाही, कारण त्या कथा त्याला परक्या वाटतच नव्हत्या.

मी काय शिकलो? गप्प बसायला नाही. तय्यब गप्प बसले नाहीत, साठ वर्षं तेच बोलत राहिले. पण पाहिलेल्या गोष्टीला त्यांनी वेळ दिला. राग खरा असला तरी रागाच्या भरात झालेलं पहिलं काम खरं असतंच असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. माझा रागही खरा होता. पण त्याची किंमत मोजली ती साताऱ्यातल्या दोन बायकांनी.

आता असा व्हिडिओ आला की मी तो पुढे पाठवत नाही. कुठला, कधीचा, हे शोधतो. खरा निघाला तर वहीत लिहून ठेवतो, आणि त्या माणसासाठी काही करता येईल का ते विचारतो. वहीत फार पानं भरलेली नाहीत. खालाने नंतर ते ब्लाउज शिवून स्वतः नेऊन दिले. लग्नालाही गेली. पण ‘त्या दिवशी दार का उघडलं नाहीस’ हे नवरीच्या आईने तिला अजून विचारलेलं नाही, आणि खालानेही सांगितलेलं नाही.

तुम्ही मुंबईला गेलात तर काळा घोड्याला जरूर उतरा. जहांगीर आर्ट गॅलरीत जायला तिकीट लागत नाही. कुणाचंही चित्र असो, एकाच चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहा, मोबाइल खिशात ठेवून. सुरुवातीला जड जाईल. मलाही गेलं होतं.