पाटीपासून पडद्यापर्यंत

(भोपाळ येथील मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास असे भारदस्त विषय डोळ्यांपुढे येतात. आपल्या कार्यवाहांनी मला दिलेला विषय त्या पंक्तीत सहजासहजी बसणारा नाही. त्यांनी पत्रात लिहिले होते की, मंडळातील दहावी-बारावीची काही मुले डिझाइन, मल्टिमीडिया, अ‍ॅनिमेशन असे काहीतरी शिकावयाचे म्हणतात आणि घरोघरी वादंग माजते. तेव्हा पालकांस उमजेल असे चार शब्द सांगावेत. उपयोजित कलेच्या अध्यापनात माझी हयात गेली असल्यामुळे मी हे निमंत्रण आनंदाने स्वीकारले.

घरातील वादाचे स्वरूप मला ठाऊक आहे. आपण नोकरीनिमित्ताने मुलूख सोडून येथे आलो. कारखान्यात, बँकेत, सरकारी कचेरीत आपली पत निर्माण झाली ती पदवीच्या आणि सचोटीच्या बळावर. परमुलखात मागे ना शेती, ना वाडा. मुलाने पायावर उभे राहावयाचे ते शिक्षणाच्याच जोरावर. अशा घरात मुलगी म्हणते, "मला चित्रे काढावयाची आहेत," तेव्हा वडिलांच्या पोटात खड्डा पडला तर त्यात नवल ते काय? त्या भीतीची मी थट्टा करणार नाही. परंतु ज्या गोष्टीला आपण भ्यावयाचे, ती निदान नीट पाहून तरी घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. डिझाइन या शब्दाला मराठीत संकल्पन, अभिकल्प असे पर्याय सुचविले गेले आहेत. व्यवहारात मात्र डिझाइन हाच शब्द रुळला आहे आणि मला त्यात वावगे वाटत नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून १९५८ साली एक अहवाल सादर केला. त्यात त्यांनी भारतीय संकल्पनाचा आदर्श म्हणून निवडले काय, तर आपल्या घरातला तांब्या! त्यात पाणी किती मावावे, तो हातात, कमरेवर वा डोक्यावर कसा तोलला जावा, ओतताना धार कशी पडावी, घासताना हात आत कसा जावा, त्याची किंमत काय पडावी, इतक्या साऱ्या प्रश्नांची उत्तरे पिढ्यान् पिढ्या शोधीत लोकांनी त्याला आकार दिला, असे त्यांचे विवेचन होते. या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजेच एनआयडी, उभी राहिली. १९६९ साली मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र निघाले; त्यास आयडीसी म्हणतात. सुबक चित्र काढता येणे हा या शिक्षणाचा एक भाग झाला. वापरणाऱ्या माणसाची अडचण ओळखून तिला रूप देणे हा त्याचा गाभा होय. आज तांब्याच्या जागी भ्रमणध्वनीचा पडदा आला आहे. रेल्वेचे तिकीट काढताना आजोबांना कोणते बटण दाबावे ते कळत नाही, याचा दोष आपण आजोबांच्या वयाला देतो. माझ्या मते तो बहुधा पडदा आखणाऱ्याचा असतो.

आता मल्टिमीडिया. अक्षर, चित्र, ध्वनी, हालचाल आणि वापरणाराचा प्रतिसाद यांचा एकत्र मेळ, असा त्याचा सरळ अर्थ. हे खूळ परदेशातून परवा आले, असा समज असेल तर त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या एका मुलाची आठवण करून देतो. धुंडिराज गोविंद फाळके यांनी प्रथम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचे धडे घेतले. पुढे ते बडोद्यास गेले. तेथे सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन सुरू केले होते आणि एकाच छपराखाली कला व यंत्रविद्या शिकण्याची सोय झाली होती. फाळक्यांनी रंगचित्रण, शिल्प, छायाचित्रण, मुद्रण अशा नाना विद्या हाताखालून घातल्या. शिळाछापाचा धंदा केला. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणून त्यांनी आरंभी काय टिपले, तर कुंडीतल्या वाटाण्याचे रोप उगवताना. ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत गेले आणि पडद्यावर रोप सरसर वाढताना दिसले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, हे आपण जाणताच. पुढे आगकाड्यांना जिवंत करणारा लघुपटही त्यांनी केला. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई घरात करीत. आज विद्यापीठाच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात जे विषय वेगवेगळ्या तासांना शिकवितात, ते या दांपत्याच्या घरात एकत्र नांदत होते. आणि एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी, ती ही की, फाळके शिक्षणासाठी महाराष्ट्राबाहेरच गेले होते.

अ‍ॅनिमेशन म्हणजे संगणकावर गंमत करणे, असे काही मुलांनाच वाटते. त्यांनाही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. हाताने काढलेल्या सचेतपटात एकेक चित्र दोनदोन चौकटींसाठी वापरावयाचे म्हटले तरी सेकंदाला बारा, म्हणजे मिनिटाला सातशे वीस चित्रे झाली. म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना आधी हात टेकतो की पुढे वाकतो, हे ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिले नाही त्याला कोणताही संगणक वाचवीत नाही. तेव्हा या क्षेत्रात कष्ट नाहीत, ही समजूत बाप आणि मुलगा दोघांनीही सोडावी.

यापुढील मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. थोडा वेळ अधिक घेतला तर क्षमा असावी.

आपली लिपी यंत्रावर चढविणे ही सोपी गोष्ट नव्हती. इंग्रजीची सव्वीस अक्षरे, मोठी धरून बावन्न. देवनागरीत काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरली तर खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात शिशाच्या अक्षरांना जे सौष्ठव दिले, ते आजही जुनी पोथी उघडली की नजरेत भरते. मग संगणक आला, आणि जणू सारे पुन्हा पाटीवर गिरविण्यापासून सुरू झाले. एक उदाहरण देतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हिंदी लिहिणाराला हा दुसरा अर्धा र लागत नाही. मराठीचे त्यावाचून चालत नाही. आरंभीच्या कित्येक अक्षरसंचांत तो सरळपणे उमटेना, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होऊ लागला! तीच गोष्ट ल आणि श या अक्षरांची. महाराष्ट्र शासनाने २००९ साली पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी वळणे निश्चित केली होती. आपल्या या हिंदी मुलखात मात्र मंडळाची निमंत्रणपत्रिका छापावयास दिली की दुसरेच वळण येते, हा अनुभव आपणांस असेलच.

हे प्रश्न सोडविले कोणी? कविवर्य र. कृ. जोशी यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकलेला हा मनुष्य. जाहिरातींच्या धंद्यात बरीच वर्षे काढून ते आयडीसीत प्राध्यापक झाले. विंडोज प्रणालीबरोबर घराघरांत गेलेला 'मंगल' हा देवनागरी अक्षरसंच त्यांनी रेखिला. आपल्या कचेरीतील संगणकावर ज्या अक्षरांत अर्ज टंकित होत असत, त्यांमागे एक मराठी कवी उभा होता, हे किती जणांस ठाऊक होते? २००८ साली ते निवर्तले. पुढच्या पिढीतील मराठी तरुण-तरुणींनी 'एक टाइप' या मंडळींच्या रूपाने 'मुक्त', 'बलू' असे देवनागरी अक्षरसंच सिद्ध करून ते कोणालाही विनामूल्य वापरता येतील असे खुले ठेवले. आणि रुपयाचे चिन्ह! १५ जुलै २०१० रोजी सरकारने ते स्वीकारले. तीन हजारांहून अधिक आराखड्यांतून ज्यांचे चिन्ह निवडले गेले ते उदयकुमार धर्मलिंगम आयडीसीतच संशोधन करीत होते, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता तमिळ अक्षरमुद्रण. एका तमिळ तरुणाने आपल्या र वर शिरोरेघ ओढली आणि ती साऱ्या देशाच्या नोटांवर गेली. ज्या मुलाच्या घरी एक लिपी आणि बाजारात दुसरी भाषा, त्याला अशा कामात उपजतच एक डोळा जास्त असतो, असे मला अनेक वर्षांच्या अध्यापनानंतर वाटते. आपली मुले घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी वाचतात. याला आपण आजवर अडचण मानीत आलो.

आता व्यवहाराकडे वळतो. सर्वांत मोठा धोका आहे तो चकचकीत पाट्यांचा. माझ्या माहितीतील एका मुलाच्या वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून एका खासगी संस्थेत भरली. माहितीपत्रकात शंभर टक्के नोकरीची हमी होती. प्रत्यक्षात तीन-तीन मुलांमागे एक संगणक, आणि शिकविणारा स्वतः आदल्या वर्षी तेथूनच उत्तीर्ण झालेला. अशा ठिकाणी शिकवितात ती आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर. आज्ञावलीचे आयुष्य किती असते? फ्लॅश नावाची एक आज्ञावली होती. १९९६ पासून पुढे दशक-दीड दशक तिचा असा दबदबा होता की, तेवढ्या एका विद्येवर दुकाने चालली. २०२०च्या अखेरीस तिचा आधार काढून घेण्यात आला आणि ती संपली. ज्यांना फ्लॅशच तेवढे येत होते, ते रिकामे झाले. ज्यांना हालचाल, वेळ आणि रचना कळत होती, त्यांनी दुसरे हत्यार उचलले. म्हणून संस्था पाहावयास जाल तेव्हा यंत्रे मोजू नका. भिंतींवर मुलांचे काम लागले आहे काय ते पहा, आणि शिक्षकांनी स्वतः काय केले ते विचारा.

आजकाल एक वाक्य टंकिले की यंत्र चित्र काढून देते. मग माणसाचे काय काम, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. नुसते साचेबंद चित्र काढून देणाराचे काम घटेल, हे उघड आहे, आणि ते लपवून मुलांना या वाटेला लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. काय काढावयाचे, कोणासाठी आणि काय वगळावयाचे, हा निर्णय मात्र ज्याला घेता येतो त्याची गरज उरतेच. आपल्या जोडाक्षरांची त्या यंत्रांनी आरंभी जी दुर्दशा केली, ती ज्यांनी पाहिली ते माझे म्हणणे मान्य करतील.

प्रवेशाबद्दल थोडक्यात. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. एनआयडीची स्वतःची दोन टप्प्यांची परीक्षा असते, आणि दुसऱ्या टप्प्यात हाताने वस्तू घडवून दाखवावी लागते. आयआयटीतील प्रवेशासाठी युसीड नावाची परीक्षा आहे. तिला विज्ञानाबरोबर वाणिज्य आणि कला शाखेची मुलेही बसू शकतात, हे फार थोड्या घरांत माहीत असते. आपल्याला तर दूर जाण्याचेही कारण नाही. एनआयडीची मध्य प्रदेशातील संस्था २०१९ पासून आपल्या या भोपाळातच आहे, आणि जबलपुरातील आयआयआयटीडीएममध्येही डिझाइनची पदवी मिळते. उपयोजित कलेकडे ओढा असेल तर बडोद्याचे ललित कला महाविद्यालय आणि मुंबईचे जे. जे. आहेतच. सरकारी संस्थांत जागा थोड्या असतात. दोन वर्षे प्रयत्न करण्याची तयारी ठेवावी, आणि तोवर हातात वही हवी. आपल्या पिढीने एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या त्या वहीची सवय लागावी म्हणूनच.

भाषणानंतर एका भगिनीने उभे राहून विचारले, "आमचा मुलगा दिवसभर भ्रमणध्वनीवर खेळ खेळतो आणि खेळच बनवावयाचे शिकेन म्हणतो. त्याला आवड आहे की हा बहाणा आहे, हे आईने कसे ओळखावे?" प्रश्न मार्मिक होता. मी त्यांना सुचविले की, त्याला सुट्टीत कागदाचा, सोंगट्यांचा एक नवा खेळ तयार करावयास सांगा. नियम त्याचेच हवेत. मग घरातल्या चौघांनी तो खेळावा. आजी कोठे अडली, धाकटी केव्हा कंटाळली, हे टिपून घेऊन जर तो दुसऱ्या दिवशी आपण होऊन नियम बदलावयास बसला, तर त्याच्या नावाने परीक्षेचा अर्ज भरा. डाव अर्धवट टाकून तो पुन्हा भ्रमणध्वनीकडे वळला, तर शुल्काचे पैसे तूर्त बँकेतच असू द्यावेत.