बोट किती मोठी, यापेक्षा किती दिवस पाण्यात?



आम्ही मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या बायका. कुणी मासे विकते, कुणी सुकट वाळवते, कुणी कोकम-आगळ करते. आज आम्ही एका बोटीबद्दल बोलणार आहोत. तुमच्या गावात समुद्र नसला तरी ऐका, कारण अशी बोट प्रत्येक गावात कुठल्या ना कुठल्या रूपात असते.

काही वर्षांपूर्वी आम्ही महालक्ष्मी सरस प्रदर्शनात माल घेऊन मुंबईला गेलो होतो. एक दिवस सवड काढून गेटवे ऑफ इंडिया बघितलं. समोर पाण्यात पांढऱ्याशुभ्र हौशी बोटी नांगरून ठेवलेल्या. आमच्यातली एक म्हणाली, "एवढ्या महागाच्या बोटी नुसत्या उभ्या ठेवायला घेतल्या काय?" आम्ही हसलो. श्रीमंतांची हौस, त्यांची त्यांना परवडते. पण परतीच्या गाडीत आमच्याच खाडीतली बोट आठवली आणि हसू थांबलं.

ती बोट आमच्या गटातल्या एका ताईच्या घरची. नवरा आणि दोन दीर यांनी मिळून मोठी बोट घ्यायची ठरवलं. बँकेचं कर्ज झालं, सोनं गहाण पडलं, तरी दीड लाख कमी पडत होते. ताईने गटाकडे अर्ज केला. आमच्या त्या सभेचं इतिवृत्त आजही वहीत आहे. त्यात लिहिलंय, 'सदस्येची परतफेड नियमित आहे, सबब कर्ज मंजूर.' एवढंच. बोट वर्षातून किती दिवस चालेल, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नाही.

बोट पाण्यात उतरली तो दिवस आम्हाला आठवतो. पताका लावल्या, नारळ फोडला, सगळ्या गावाला जेवण. बोटीची ओटी ताईनेच भरली. घराचं नाव मोठं झालं असं सगळे म्हणाले.

पहिला हंगाम बरा गेला. मग हिशोब कळायला लागला. मोठ्या बोटीला एकदा समुद्रात जायचं तर डिझेल, बर्फ, रेशन, तांडेल, खलाशी, सगळं आधी लागतं. खलाशांना हंगामाआधी आगाऊ पैसे द्यावे लागतात. एक-दोन फेऱ्यांना मासळी मिळाली नाही की पुढच्या फेरीचं डिझेल कुठून आणायचं हा प्रश्न. दुसऱ्या हंगामात आगाऊ पैसे घेतलेले दोन खलाशी परतलेच नाहीत. मग इंजिनात बिघाड झाला. बोट खाडीत उभी राहिली ती राहिलीच.

आणि उभी बोट फुकट उभी राहत नाही. खारं पाणी लोखंड खातं. बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात. बॅटरी उतरते. लाकडी होडी फार दिवस कोरडी राहिली तर फळ्यांच्या फटी उघडतात. राखणीला माणूस लागतो. विमा भरावा लागतो, परवाना नवा करावा लागतो. बँकेचा हप्ता तर बोट चालली का उभी राहिली, हे विचारतच नाही.

ताई हप्ता भरत राहिली. आधी मासळी विकून, मग कानातलं विकून. नंतर तीन महिने ती सभेला आली नाही. खरं सांगतो, आम्हीही तिच्या पाठीमागे कुजबुजलो. शेवटी आमच्या गटातल्या सर्वांत वयस्कर काकी म्हणाल्या, "होडी पाण्यात शोभता, झापाखाली नाय. पण त्या होडयेक पैसे दिले कोणी? आपणच ना?" मग आम्ही सगळ्या मिळून तिच्या घरी गेलो. तेव्हा कळलं की बोटीच्या कागदावर तिचं नावच नव्हतं. कर्ज तिच्या नावावर आणि बोट दिरांच्या नावावर.

आम्ही हप्ता लहान करून मुदत वाढवून दिली. घरच्या पुरुषांना सभेला बोलावलं आणि वही उघडून बसलो. सहा महिने वादावादी झाली. अखेर त्यांनी ती बोट तोट्यात विकली आणि इंजिन लावलेली लहान फायबरची होडी घेतली. ती होडी जवळच्या पाण्यात जाते, पण हंगामात बहुतेक रोज जाते. ताईचं कर्ज अजून फिटलेलं नाही. पण हप्ता चुकत नाही आणि होडीच्या कागदावर यावेळी तिचं नाव आहे.

मोठी बोट वाईट असं आम्ही म्हणत नाही. खोल समुद्रात लहान होडी चालत नाही. पण दिवस मोजायला हवेत. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बोटी वर ओढून शाकारून ठेवायच्या. पर्ससीन जाळ्याच्या बोटींना तर राज्य शासनाच्या २०१६ च्या आदेशाने सप्टेंबर ते डिसेंबर हे चारच महिने ठरवून दिले. त्यातून वादळ, वारा, नादुरुस्ती वजा करा. मग उरतात ते खरे दिवस.

आता आमच्या ग्रामसंघात पर्यटकांसाठी बोट घ्यायचा विषय निघालाय. काहींचं म्हणणं, घ्यायची तर मोठीच घेऊ. यावेळी आम्ही आधी फळ्यावर हिशोब मांडला. धरून चला, बोटीचा हप्ता, विमा, राखण, रंगकाम, देखभाल मिळून वर्षाला ५ लाख. बोट १०० दिवस चालली तर दिवसाला ५ हजार पडतात. ४० दिवसच चालली तर दिवसाला साडेबारा हजार. डिझेल आणि मजुरी वेगळी. पावसाळ्यात, मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत, पर्यटनाच्या बोटी बंदच असतात. उरलेल्या दिवसांत गर्दी असते ती दिवाळीत, नाताळात, मेच्या सुट्टीत आणि शनिवार-रविवारी.

आमच्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला वल्ह्यांच्या लहान होड्यांतून कांदळवन सफर घडवतात. होडी त्या स्वतः वल्हवतात. डिझेल नाही, तांडेल नाही, खलाशांना आगाऊ पैसे नाहीत. पर्यटक नसले त्या दिवशी होडी दोरीला बांधून दुसऱ्या कामाला जाता येतं. हे बघून आमच्यातल्या मोठ्या बोटीवाल्याही विचारात पडल्या. निर्णय पुढच्या सभेत होईल, पण वही उघडी ठेवून होईल.

आता कर्जाचा अर्ज आला की आमचा गट चार प्रश्न विचारतो. वस्तू वर्षातून किती दिवस चालेल? उभी असताना तिला किती खर्च येईल? घेण्याऐवजी भाड्याने किंवा भागीदारीत काम भागेल का? आणि मालकीच्या कागदावर बाईचं नाव आहे का? उत्तरं इतिवृत्तात लिहून मगच सही.

तुमच्याकडे बोट नसेल, पण दोन एकरांसाठी घेतलेला ट्रॅक्टर असेल. वर्षातून चार लग्नांना लागणारा मंडप असेल. कांडप यंत्र असेल, ज्याच्यावर आता कपडे वाळत घालतात. गटाच्या पुढच्या सभेत त्या वस्तूचे दिवस मोजा. आणि जिच्या नावावर कर्ज आहे, ती सभेला यायची थांबली असेल तर कुजबुजू नका. तिच्या घरी जा. आम्ही तीन महिने उशिरा गेलो, तुम्ही तेवढा उशीर करू नका.