फोन गटाचा, आवाज गावाचा

हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडं द्या. गुरुवारी दुपारी दोन वाजता आपला फोनचा कार्यक्रम असतो, त्याविषयी आज आम्ही केंद्रावरच्या बाया तुमच्याशी बोलणार आहोत.

वाड्या-वस्त्यांवर आलो की तुम्ही सांगता, "कार्यक्रम रोज ऐकतो." मग फोन का करत नाही, असं विचारलं की हसता. आम्हाला कारणं ठाऊक आहेत. मोबाईल मालकाच्या खिशात नाहीतर पोराच्या हातात. रिचार्ज संपलेला. सासूबाई समोर बसलेल्या. पहिल्यांदा हा कार्यक्रम संध्याकाळी सातला होता आणि ती तर भाकरीची वेळ. म्हणून तो दुपारी घेतला. मिस कॉल द्या, आम्हीच उलट फोन लावतो, असंही ठरवलं. फोन वाढले. कुणी शेळीचं दूध आटलं म्हणून विचारलं, कुणी लेकीच्या स्कॉलरशिपचं विचारलं. एका आजींनी तर जात्यावरची ओवीच म्हटली आणि त्या दिवशी पुढचे सगळे फोन ओवीसाठीच आले.

पण एका वस्तीवरचे फोन अचानक थांबले. तिथल्या एका ताईनं नळाला पाणी येत नाही असं सांगितलं होतं. नाव सांगितलं नव्हतं, पण गावात आवाज ओळखायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी पारावर तिच्या मालकाला ऐकवलं गेलं, "बायकोला आवरा, गावाची अब्रू रेडिओवर काढतीय." ताईंनी फोन बंद केला. शेजारणींनीही केला. नळ तसाच राहिला.

बायांनो, यात गावाची अब्रू जात नाही. ज्या लहरींवरून हा आवाज तुमच्या घरात येतो, त्या कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. क्रिकेटचे सामने कुणी दाखवायचे यावरून एक खटला झाला होता. त्यात सुप्रीम कोर्टानं १९९५ साली सांगितलं की या लहरी जनतेची मालमत्ता आहेत. पुढं २००६ साली सरकारनं गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायला परवानगी दिली. २००८ साली तेलंगणातल्या पस्तापूर भागात दलित शेतकरी बायांनी 'संघम रेडिओ' सुरू केला. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशीचा रेडिओ सुरू झाला. तिथं बाया बोलल्या, म्हणून आज आपणही बोलतोय.

आता काय बोलायचं? राजकारण आणि स्वतः तयार केलेल्या बातम्या आपल्याला लावता येत नाहीत, तसा नियमच आहे. पण पाणी, लाईट, हवामान, बाजार, परीक्षा, रोजगार, जत्रा, दवाखाना हे सगळं बोलता येतं. आपलं रोजचं जगणं यातच तर आलं! फक्त नेमकं बोला. "लाईट नाही" एवढंच सांगितलं तर वायरमन तरी काय करणार? "आमच्या वस्तीवरचा डीपी सोमवारी रात्री जळाला, मंगळवारी ऑफिसात अर्ज दिला, अजून कुणी आलं नाही," असं सांगा. काय झालं, कुठं, कधीपासून, कुणाला कळवलं, या चार गोष्टी. कुणाला चोर म्हणू नका. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यालाही आम्ही बोलायला बोलावतो.

रेशनचंच बघा. एका मावशींचा फोन आला, "मशीनवर अंगठा उठत नाही, धान्य मिळालं नाही." आयुष्यभर खुरपं धरून आणि भांडी घासून बोटांच्या रेषाच गेल्या, अंगठा उठणार कसा? पुढच्या तासाभरात वेगवेगळ्या गावांतून तसेच फोन आले. मावशींना वाटत होतं, दोष आपल्याच हाताचा. पुढच्या गुरुवारी आम्ही माहिती काढून सांगितली. अंगठा जुळत नाही एवढ्याच कारणानं पात्र माणसाला धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारनं २०१७ सालीच राज्यांना कळवलंय. आधार कार्ड, रेशन कार्ड बघून आणि वेगळी नोंद करून धान्य द्यायचं असतं. दुकानदारानं ऐकलं नाही तर १९६७ या नंबरावर तक्रार करता येते. ही माहिती एका मावशींच्या फोनमुळं सगळ्यांना मिळाली.

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे की फोन एकटीनं करू नका, गटानं करा. एकटीचा आवाज ओळखून तिच्या मालकाला गाठता येतं. पण "आम्ही अमुक वस्तीवरच्या गटाच्या बाया बोलतोय" म्हटल्यावर किती घरांत जाऊन सांगणार? नळाच्या वस्तीवरही शेवटी असंच झालं. तिथल्या गटानं बैठकीत बसून स्पीकरवर फोन लावला. एकीनं सुरुवात केली, बाकीच्यांनी मागून दुजोरा दिला. त्या पाठोपाठ ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत तोच प्रश्न लिहून दिला आणि ठरावात घ्यायला लावला. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे, हे विसरू नका. नळ रोज येत नाही अजून, पण कोणत्या दिवशी येणार ते आता फळ्यावर लिहितात. बाया हंडे घेऊन दिवसभर ताटकळत नाहीत.

तर महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले की पाच मिनिटं रेडिओसाठी ठेवा. एक प्रश्न ठरवा, वहीत लिहा. बोलायची पाळी लावा, म्हणजे दरवेळी अध्यक्षबाईच बोलणार नाहीत. फोन लागला की घरातला रेडिओ बंद करा, नाहीतर शिट्टी वाजते. उत्तर मिळालं की तेही वहीत लिहा.

एक गोष्ट मात्र कार्यक्रमात सांगू नका. घरात मारहाण होत असेल, पोरीच्या लग्नाची घाई चालली असेल, तर ते गावाला ऐकवायचं नसतं. तेव्हा महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, जिवावर बेतलं तर ११२, आणि फुकट वकिलासाठी १५१०० हा नंबर लावा. केंद्रावर येऊन आमच्याशी बोललात तरी चालेल, माईक बंद असेल.

येत्या गुरुवारचा विषय आहे, उन्हाळ्यातलं पिण्याचं पाणी. ज्या गटानं आजवर एकदाही फोन केला नाही, त्यांचा फोन आधी घेऊ. वाट बघतोय. राम राम!