कामाची यादी, दिनदर्शिका आणि दप्तर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय वरकरणी रूक्ष वाटेल. संगणकावर किंवा मोबाइलवर कामांच्या याद्या ठेवण्याची जी सॉफ्टवेअर मिळतात, त्यांत दिनदर्शिकेची आणि संदर्भ-कागदपत्रांची सोय अपुरी असेल तर काय करावे, असा हा विषय आहे. मी कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने पत्रकार. संगणकशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु सार्वजनिक कामाची नोंद कशी टिकते आणि कशी हरवते, हे मात्र मी बरीच वर्षे पाहत आलो आहे.

आपल्यापैकी अनेकांनी असे एखादे सॉफ्टवेअर उत्साहाने घेतले असेल. पहिला आठवडा छान जातो. कामे लिहिली जातात, झालेल्या कामावर खूण करताना समाधानही वाटते. दोन महिन्यांनी त्या यादीत शंभर कामे साचलेली असतात, त्यांतली निम्मी लाल रंगात 'मुदत संपली' म्हणून ओरडत असतात आणि आपण ती यादी उघडणेच सोडून देतो. नंतर आपण दोष देतो तो स्वतःच्या आळसाला किंवा त्या सॉफ्टवेअरला. माझ्या मते खरे कारण निराळे आहे. आपण एकाच वहीकडून तीन वह्यांचे काम मागत असतो.

तीन प्रश्न, तीन वह्या

काय करायचे, कधी करायचे आणि कशाच्या आधारे करायचे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर यादीत, दुसऱ्याचे दिनदर्शिकेत आणि तिसऱ्याचे दप्तरात असते. अमेरिकन लेखक डेव्हिड ॲलन यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'गेटिंग थिंग्ज डन' या पुस्तकात हाच भेद आग्रहाने मांडला. पुष्कळ सॉफ्टवेअरकर्त्यांनी त्या पुस्तकावरून स्फूर्ती घेतली. पण बहुतेकांनी घेतली ती यादी. दिनदर्शिका आणि दप्तर मागे राहिले.

हा भेद आपल्याकडे नवा नाही. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत 'सहा गठ्ठे पद्धत' कित्येक वर्षांपासून शिकवली जाते. प्रलंबित प्रकरणांचा एक गठ्ठा. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत असलेल्या, म्हणजे प्रतीक्षाधीन प्रकरणांचा दुसरा. ठरावीक मुदतीने पाठवायच्या विवरणांचा, म्हणजे नियतकालिकांचा तिसरा. स्थायी आदेशांचा चौथा. अभिलेख कक्षात पाठवायच्या निकाली प्रकरणांचा पाचवा आणि मुदतीनंतर नष्ट करायच्या कागदांचा सहावा. यातील नियतकालिकांचा गठ्ठा म्हणजे दिनदर्शिका, स्थायी आदेशांचा गठ्ठा म्हणजे संदर्भ. मोबाइलमधल्या साध्या यादीत यांपैकी केवळ पहिला गठ्ठा असतो. उरलेले पाच आपल्याला स्वतः उभे करावे लागतात.

संगणकपूर्व काळातील वृत्तपत्र कार्यालयांतही हीच व्यवस्था असे. नेमणुकांची वही वेगळी, पुढच्या तारखांची डायरी वेगळी आणि विषयवार कात्रणांची पाकिटे वेगळी. डायरीत सहा महिने पुढच्या पानावर 'अमुक आयोगाची मुदत आज संपते' एवढेच लिहिलेले असे आणि शेजारी कात्रणाच्या पाकिटाचे नाव. तीन वेगळ्या जागा, पण एकीतून दुसरीकडे जाण्याची वाट पक्की.

दिनदर्शिका नसेल तर

अनेक साध्या सॉफ्टवेअरांत प्रत्येक कामाला तारखेची एकच चौकट असते. येथेच मोठा घोटाळा होतो. काम केव्हा सुरू करायचे ही एक तारीख आणि केव्हा पूर्ण झालेच पाहिजे ही दुसरी. एकाच चौकटीत दोन्ही मावत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम २२ प्रमाणे विश्वस्तांत बदल झाला की तो ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. समजा, १२ एप्रिलला नवे विश्वस्त निवडले गेले. नव्वदावा दिवस ११ जुलैला येतो. चौकटीत ११ जुलै घातली, तर मोबाइल त्या दिवशी सकाळी आठवण करील. तोपर्यंत सह्या, ठरावाची प्रत, संमतिपत्रे काहीच जमलेले नसेल. म्हणून चौकटीत सुरुवातीची तारीख घालावी, १ मे, आणि अंतिम तारीख कामाच्या नावातच लिहावी: 'बदल अहवाल दाखल करणे, ११ जुलैपूर्वी'. उपाय साधा आहे, पण अनेक अडचणी त्याने टळतात.

दुसरा नियम असा की, ज्याला त्या दिवसाचे खरोखर बंधन आहे, तेच दिनदर्शिकेत जावे. बैठक, प्रवास, न्यायालयाची तारीख, विम्याचा हप्ता ही बंधने आहेत. 'कपाट आवरणे' हे बंधन नाही. मनातल्या इच्छा दिनदर्शिकेत लिहिल्या की खऱ्या तारखांवरचा विश्वास उडतो.

तिसरा उपाय कागदी आहे आणि तो ॲलन यांच्या पुस्तकातही आहे. ४३ पाकिटे करावीत: चालू दिवसांची ३१ आणि महिन्यांची १२. ऑगस्टमध्ये लागणारा कागद ऑगस्टच्या पाकिटात टाकावा. महिना उजाडला की त्यातले कागद दिवसांच्या पाकिटांत वाटावेत. सॉफ्टवेअरमध्ये हेच बारा महिन्यांच्या बारा याद्या करून साधते. दिनदर्शिकेचे चित्र पडद्यावर दिसत नसले, तरी काम होते.

तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा: २०२६-०९-१४. असे लिहिले की संगणक नावांची नुसती अक्षरानुक्रमाने मांडणी करतो, तीच कालानुक्रमाची होते. दिवस आधी लिहिला तर जानेवारी आणि डिसेंबर शेजारी येऊन बसतात.

तिथीचा प्रश्न

आता आपल्या घराघरांतला प्रश्न. वडिलांचे वर्षश्राद्ध, मंडळाचा गणेशोत्सव, गावची जत्रा ही कामे तिथीने ठरतात. सॉफ्टवेअरला 'दरवर्षी' एवढेच कळते आणि त्याचे वर्ष इंग्रजी असते. गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला आली, २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला. २०२६ साठी ती १४ सप्टेंबर आहे. ज्याने २०२३ मध्ये 'दरवर्षी' अशी खूण केली, त्याची आठवण २०२५ मध्ये तेवीस दिवस उशिरा वाजली असेल.

याचे कारण आपल्या पंचांगाच्या रचनेत आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी कमी. हा फरक अधिक मासाने भरून निघतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. शिवाय तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील बारा अंशांचे अंतर. चंद्राची गती कमीजास्त होते, म्हणून तिथी साधारण १९ ते २६ तासांची असते आणि तिची वृद्धी किंवा क्षय होतो. त्यातही कोणत्या वेळेची तिथी धरायची, हे कार्यावर अवलंबून असते. गणेश चतुर्थीला मध्याह्नाची, श्राद्धाला सामान्यतः अपराह्णाची. सूर्योदयाची तिथी पाहून तारीख देणारे साधे सॉफ्टवेअर येथे चुकू शकते. महिन्यांच्या नावांतही भेद आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून आपली श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी होते. दिवस तोच, नाव वेगळे.

काही ठिकाणी 'भारतीय दिनदर्शिका' असा पर्याय दिसतो आणि माणूस हुरळून जातो. तो बहुधा आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचा असतो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून ती २२ मार्च १९५७ पासून स्वीकारली गेली. ती संपूर्णपणे सौर आहे. तिचा १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला येतो. गुढीपाडव्याशी तो जुळेलच असे नाही. तिथीसाठी तिचा उपयोग नाही. दिनदर्शिकांची देवाणघेवाण करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'आयकॅलेंडर' या मानकाला २०१५ साली इंग्रजीखेरीज अन्य पंचांगांप्रमाणे पुनरावृत्ती लिहिण्याची पुरवणी जोडली गेली, परंतु सर्व सॉफ्टवेअरांनी ती सोय स्वीकारलेली नाही.

मग उपाय? तिथी ही कायमची नोंद आहे, तारीख ही त्या वर्षापुरती. म्हणून दोन्ही वेगळ्या ठेवाव्यात. घरातील व संस्थेतील सर्व तिथींची एक कायम यादी करावी. दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास नवे पंचांग घेऊन घरातील जाणत्या माणसाबरोबर तासभर बसावे आणि त्या वर्षीच्या तारखा दिनदर्शिकेत लिहाव्यात. 'दरवर्षी' ही खूण मात्र करू नये. शिवजयंतीसारख्या प्रसंगी दोन नोंदी कराव्यात: शासकीय जयंती १९ फेब्रुवारीची, तिथीची फाल्गुन वद्य तृतीयेची. या तासभराच्या बैठकीत मुलांना बसवावे. आजी-आजोबांची तिथी त्यांना त्यानिमित्ताने कळते. हे कोणतेही सॉफ्टवेअर करणार नाही.

संदर्भाची वाट

संदर्भाचे दुखणे याहून मोठे आहे. 'पाणीपट्टीचा अर्ज करणे' असे काम यादीत असते. पण मागच्या वर्षीचा अर्ज, त्याची पोच, अधिकाऱ्याचे उत्तर कोठे आहे? कोणाच्या तरी मोबाइलमधील गटसंदेशांत, लग्नाच्या छायाचित्रांच्या खाली. अनेक सॉफ्टवेअरांत कामाला कागद जोडण्याची सोय नसते, किंवा पैसे भरल्यावरच मिळते.

आपल्या हिशेबनिसांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. रोजकीर्दीत नोंद केली की शेजारच्या रकान्यात खतावणीचे पान लिहायचे: खा. पा. अमुक. खतावणीतूनही रोजकीर्दीकडे परत येता येई. दोन वह्या दोऱ्याने बांधल्या नव्हत्या; एका आकड्याने बांधल्या होत्या. आपणही तेच करावे. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाला वर्ष आणि अनुक्रम द्यावा, जसे २०२६-०४७. तोच क्रमांक कागदाच्या कोपऱ्यात, त्याच्या संगणकीय प्रतीच्या नावात आणि यादीतील कामाच्या नावापुढे लिहावा. एका साध्या वहीत आवक-जावक नोंद ठेवावी. महाजालावरील दुवा सोयीचा असतो खरा, पण फोल्डर हलवले किंवा खाते बदलले की तो तुटतो. क्रमांक तुटत नाही. शोधाच्या चौकटीत तो टाकला की काम आणि कागद दोन्ही समोर येतात.

संस्था टिकली पाहिजे

आणखी एक सावधगिरी. ॲस्ट्रिड नावाचे कामाच्या यादीचे लोकप्रिय सॉफ्टवेअर याहू कंपनीने विकत घेतले आणि २०१३ साली बंद केले. बर्लिनमध्ये तयार झालेले वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ साली घेतले. ते ६ मे २०२० रोजी बंद झाले. वापरणाऱ्यांना आपला मजकूर अन्यत्र नेण्याची संधी होती, पण ज्यांनी लक्ष दिले नाही त्यांचे काय झाले असेल? म्हणून महिन्यातून एकदा आपली यादी साध्या मजकुराच्या रूपात उतरवून ठेवावी. जीना ट्रपानी यांनी २००६ साली पुढे आणलेली 'टूडू डॉट टीएक्सटी' ही पद्धत तर साध्या मजकुराच्या एका फाइलीवरच उभी आहे. एका ओळीत एक काम. त्यात दिनदर्शिका नाही, जोडकागद नाहीत; पण ती फाइल कोणत्याही संगणकावर उघडते.

सॉफ्टवेअर बंद पडते, तसा कार्यकर्ताही आजारी पडतो, त्याची बदली होते, दायित्व बदलते. संस्थेची यादी त्याच्या खाजगी खात्यात आणि कागद त्याच्या डोक्यात असतील, तर नवीन माणूस शून्यापासून सुरुवात करतो. एखाद्या वाचनालयाचे अनुदान अडते, वसतिगृहाचा परवाना संपतो. त्या वेळी नुकसान होते ते तेथील वाचकांचे आणि विद्यार्थ्यांचे. म्हणून खाते संस्थेच्या नावाचे असावे, त्याची किल्ली किमान दोघांकडे असावी आणि क्रमांकांची वही कार्यालयात असावी.

शेवटी, या तीन वह्या आपोआप एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांना आठवड्यातून एकदा समोरासमोर बसवावे लागते. रविवारी अर्धा तास काढा. पुढील दोन आठवड्यांच्या तारखा पाहा, प्रत्येक तारखेसाठी यादीत काम आहे का ते तपासा, प्रत्येक कामापुढे लागणाऱ्या कागदाचा क्रमांक आहे का ते पाहा. ज्यांच्या उत्तराची वाट पाहतो आहोत त्यांना दूरध्वनी करा. जे होणार नाही, ते ज्याला शब्द दिला त्याला वेळीच कळवून यादीतून काढा.

समाज आपल्याला ओळखतो तो दिलेल्या शब्दाने. 'मंगळवारी येतो' म्हटलेला कार्यकर्ता मंगळवारी आला, येताना मागच्या अर्जाची पोच घेऊन आला, तर पुढचे बोलणे सोपे होते. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. येत्या रविवारी एक वही घ्या, दप्तरातला पहिला कागद काढा आणि त्यावर क्रमांक एक घाला. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.