सेनापती बापटांचे कागद आणि मुळशीचे कागद

मंडळी, पुण्याहून पौडच्या रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम मागं पडतं आणि पिरंगुट येतं. पुढं पौड, आणि त्याच्याही पुढं मुळशीचं पाणी. त्या पाण्याखाली गेलेल्या गावांसाठी जो लढा झाला, त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट. 'सेनापती' हे नाव त्यांना मिळालं ते याच लढ्यात. एवढं आपण शाळेत शिकवतो. पण हा माणूस कविता करी, आणि 'चित्रमयजगत्' मासिकात व पुढं टिळकांच्या 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकात त्यानं नोकरी केली, हे सहसा सांगत नाही. अशा कवी-पत्रकाराचे कागद कुठं राहतात आणि त्यांतून काय कळतं, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

१९०८ साली बापट विलायतेहून परतले तेव्हा बाँब तयार करण्याच्या कृतीचे कागद बरोबर घेऊन आले. त्याच वर्षी अलीपूरचा खटला उभा राहिला आणि बापट भूमिगत झाले. १९१२ साली इंदूरला पकडले गेले. आता सांगा, ज्याच्या मागावर पोलीस आहेत, त्याच्या घरी पत्रांचे गठ्ठे कसे सापडणार? अशाला लिहिलेलं पत्र वाचून झालं की चुलीतच जायचं.

गंमत अशी, की अशा माणसांचं दप्तर नीट ठेवलं ते सरकारनंच! मुंबईच्या पुराभिलेखागारात गृहखात्याच्या 'स्पेशल' शाखेच्या फायली आहेत. मराठी पत्रांत काय छापून येतं त्याचा इंग्रजी गोषवारा सरकारी भाषांतरकार आठवड्याच्या आठवड्याला करीत. या फायली उपयोगाच्या खऱ्या, पण त्या पाळत ठेवणाऱ्याच्या नजरेनं लिहिलेल्या आहेत. चिडून लिहिलेलं मराठी वाक्य तिथं कोमट इंग्रजी होऊन बसतं. म्हणून फाईल वाचणाऱ्यानं 'केसरी'चा त्या आठवड्याचा मूळ अंक शेजारी ठेवावाच.

बापटांच्या कवितेबद्दल स्पष्ट बोलतो. ती बालकवींच्या पंगतीतली नव्हे. ती चार माणसांनी मिळून म्हणायची, चालता चालता पाठ व्हायची. तिचं मोल त्या दृष्टीनं करावं.

पण लढ्याच्या गाण्यात सगळे मावळे एका सुरात असतात. जमिनीच्या कागदात तसं नसतं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीज कंपनीसाठी सरकारनं भूसंपादनाचा १८९४ चा कायदा वापरला होता. आता जमीन कोणाची? कसणारा मावळा, पण कागद पुष्कळ ठिकाणी पुण्याच्या सावकाराच्या पेटीत. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात ही गाठ उलगडून दाखवली आहे. सावकाराला भरपाईचे पैसे चालत होते. कुळाला जमीनच हवी होती. लढा मोडला तो काही नुसत्या पोलिसांच्या लाठीनं नव्हे. बापटांनी १९२४ साली धरणाच्या कामाची आगगाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा घेतली, १९३१ साली सुटले. तोवर धरण उभं राहिलं होतं.

म्हणून मला वाटतं, सेनापतींच्या कागदांचा दुसरा अर्धा भाग मुंबईत नाही, इथं आहे. गहाणखत, संपादनाची नोटीस, भरपाईची पावती, तुरुंगातून घरी आलेलं पत्र. बुडालेल्या गावांतली माणसं जिथं सोयरीक होती, जिथं काम मिळालं, तिथं पांगली. कागदही त्यांच्याबरोबर पांगले. जाईबाई भोईटे यांचं नाव इतिहासात राहिलं. बाकीच्या बायकांची नावं अशा एखाद्या चिठ्ठीतच असली तर असतील. आणि आज या पट्ट्यात जुनं घर पाडून नवं बांधायची घाई आहे. माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरते, भांडी घरात राहतात, कागद रद्दीवाला नेतो.

गुरुजींना आणि बाईंना माझं सांगणं आहे. आठवी-नववीच्या मुलांना घरी विचारायला सांगा. कागद सापडला तर तो शाळेत मागवू नका. घरच्यांच्या देखत मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. पाकीट असेल तर टपालाच्या शिक्क्याचाही घ्या, कारण तारीख बहुधा तिथंच असते. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये पक्कं बंद करू नका, लोखंडी टाचणी असेल तर हलक्या हातानं काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं कागदाबद्दल जे सांगितलं ते त्याच दिवशी वहीत उतरवा. अक्षर मोडी निघालं तर निराश होऊ नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी जाणणारी माणसं भेटतात. आणि कागद घरच्यांना परत देताना तो उन्हात न ठेवता, सुती फडक्यात गुंडाळून, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवायला सांगा.