वाढविलेला वेग आणि यंत्राचा पहारा

बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या परिसरात वसलेले येळ्ळूर हे मुळात भातशेतीचे गाव. पण उद्यमबागेतील कारखाने तेथून दूर नाहीत, आणि १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे आवारही जवळच्याच मच्छे गावालगत आहे. तेव्हा भाताच्या कणगीशेजारच्या खोलीत, सुटे भाग आणून घरच्या घरी जोडलेला संगणक दिसला, तर त्यात आज नवल मानावयाचे कारण उरलेले नाही. अशा संगणकाच्या धन्यास बहुधा एक मोह गाठतो. कारखान्याने प्रोसेसरला जो वेग नेमून दिला, त्याहून अधिक वेगाने त्याला पळवावयाचे! यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

प्रोसेसरचे सारे काम ठोक्यांवर चालते. सेकंदास पाच अब्ज ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांमधील अवकाशात प्रकाशदेखील सुमारे सहा सेंटिमीटरच पुढे सरकतो. तेवढ्या अवधीत असंख्य सूक्ष्म कळांनी आपली स्थिती बदलून स्थिर झाले पाहिजे. ठोके वाढविले की हा अवधी आखडतो. कळा लवकर हलाव्यात म्हणून व्होल्टेज वाढवावे, तर उष्णता वाढते, आणि तीही व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. उन्हाळा, चिपचे वय, विजेची चढउतार हे सारे हिशेबात धरून कारखानदार थोडी शिल्लक हाती राखतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा खर्ची घालतो ती हीच शिल्लक. जानेवारीच्या पहाटे बिनतक्रार चाललेली मांडणी एप्रिलच्या दुपारी कोलमडते, त्याचे कारण हे. अलीकडे तर कारखानदारही या शिल्लकेस हात घालू लागले आहेत. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर ग्राहकाने काही न करताही डळमळू लागले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीला व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टच्या आत राखणारी दुरुस्ती पाठवावी लागली.

आता एक प्रसंग कल्पनेत आणावा. वर्षभर वाढीव वेगाने निर्वेध चाललेला असा एक संगणक आहे. विंडोज १० चे नेहमीचे मोफत साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले म्हणून त्याच्या मालकाने विंडोज ११ बसविली, आणि तिच्याबरोबर ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची सुरक्षा चालू झाली. दुसऱ्याच दिवशी यंत्र मध्येच थांबते, पडदा रंग बदलतो, काम वाया जाते. मालक निष्कर्ष काढतो की, दोष या सुरक्षेचा. ती बंद करावी म्हणजे झाले. हा निष्कर्ष वरवर रास्त वाटतो. तो का टिकत नाही, हे पाहावयास हवे.

गडावर तटबंदीच्या आत आणखी एक बालेकिल्ला असतो, तशी या सुरक्षेची योजना आहे. हायपरव्हायझर नावाचा एक लहानसा कार्यक्रम खुद्द विंडोजच्याही खाली बसतो आणि स्मृतीचा एक भाग वेगळा काढून ठेवतो. विंडोजच्या गाभ्यात जे काही चालावयाचे, त्याची ओळख आधी या बालेकिल्ल्यात पटावी लागते. आणि स्मृतीच्या ज्या पानावर लिहिता येते, त्या पानावरील मजकूर आज्ञा म्हणून चालविता येत नाही. म्हणजे तटाच्या आत शिरलेल्या चोरालाही खजिन्यापर्यंत पोचणे दुर्घट होते. याची किंमत प्रोसेसर मोजतो. स्मृतीतील प्रत्येक पत्ता दोनदा उलगडावा लागतो. इंटेलची सातवी पिढी आणि एएमडीची झेन-२ येथपासून या पहाऱ्याच्या कामाला चिपमध्येच साह्य आहे. त्याआधीच्या चिपमध्ये तेच काम सॉफ्टवेअरने निभावून न्यावे लागते, त्यामुळे ओझे जाणवण्याइतके वाढते.

म्हणजे पहारा बसला की प्रोसेसरवरचा भार वाढतो, एवढेच नव्हे, तर त्याची जातही बदलते. पूर्वी क्वचित राबणारे भाग आता अखंड राबतात. काठावर उभी असलेली मांडणी अशा वेळी घसरली, तर तिचा तोल आधीपासूनच नाजूक होता असे म्हणणे भाग आहे. शिवाय पूर्वीच्या चुका दिसत नव्हत्या, याचा अर्थ त्या होत नव्हत्या असा नव्हे. एखाद्या खेळात एक अंक चुकला, तर चित्रातील एखादा ठिपका बिघडतो आणि तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. तीच चूक ओळख पटविण्याच्या कामात घडली, तर पहारेकरी दार उघडत नाही आणि यंत्र जागच्या जागी थांबते. ठिपका बिघडला तर हरकत नाही. पण तीच चूक कारखान्याच्या आराखड्यात किंवा घरातील छायाचित्रांच्या साठ्यात मुरली, तर ती कळावयास वर्ष लागेल.

वेग आणि व्होल्टेज यांच्या किल्ल्या कार्यप्रणाली आपल्या मुठीत का ठेवू पाहते, यालाही इतिहास आहे. २०१७ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘क्लॉकस्क्रू’ या प्रयोगात, मोबाइलमधील प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज सॉफ्टवेअरनेच बेताल करून त्यातील सुरक्षित कप्पा फोडून दाखविला. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राट्स आणि ल्यूव्हेन येथील विद्यापीठांतील संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ जाहीर केला: व्होल्टेज नेमक्या क्षणी किंचित उतरविले की इंटेलच्या प्रोसेसरचा गुणाकार चुकतो, आणि त्या चुकीवरून गुप्त किल्ली हुडकता येते. त्यानंतर अनेक लॅपटॉपांत व्होल्टेज कमी करण्याची सोयच बंद झाली. उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी तिचा उपयोग करणाऱ्या सज्जनांची त्यामुळे गैरसोय झाली, हे खरे. पण हौशी माणूस आणि चोर एकच कळ फिरवीत असतील, तर यंत्राने त्यांच्यात भेद करावा तरी कसा?

विंडोजच्या आतून वेग बदलणाऱ्या उपयुक्त साधनांचीही गोष्ट निराळी नाही. त्यांना प्रोसेसरपर्यंत हात पोचविण्यासाठी ड्रायव्हर लागतो, आणि तो सैल लिहिलेला असला तर घराला उघडी खिडकीच. ‘आफ्टरबर्नर’ या लोकप्रिय साधनाच्या ड्रायव्हरातील अशा उणिवेचा उपयोग करून ‘ब्लॅकबाइट’ या खंडणीखोर टोळीने २०२२ मध्ये संगणकांवरील संरक्षण निकामी केल्याचे उघड झाले. त्याच वर्षीच्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून धोकादायक ड्रायव्हरांची बंदीयादी आपोआप लागू होते. यादीतला ड्रायव्हर अडला की साधन निमूटपणे निरुपयोगी होते, आणि मालक समजतो की ओव्हरक्लॉकिंग बिघडले. वास्तविक ते लागूच झालेले नसते!

तेव्हा परीक्षा साधी आहे. पहारा चालू ठेवून प्रोसेसर कारखान्याच्या वेगावर आणावा. यंत्र तरीही थांबत असेल, तर संशय ड्रायव्हरवर किंवा अन्य भागावर घ्यावा. थांबणे बंद झाले, तर वाढीव वेग हेच कारण; मग वेग शंभर-दोनशे मेगाहर्ट्‌झने उतरवून पुन्हा काही तास कसोटी घ्यावी. विंडोजच्या घटनानोंदीत ‘व्हीआ-लॉगर’ या नावाखाली हार्डवेअरच्या दुरुस्त झालेल्या चुकाही नोंदल्या जातात. इंग्रजीत डब्ल्यू-एच-ई-ए या अक्षरांनी सुरू होणारी ती नोंद वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

एक सावधगिरी मात्र प्रयोगापूर्वीच घ्यावयास हवी. वेग फार ताणला की यंत्र सुरूच होत नाही, आणि मग बायोसच्या साऱ्या मांडण्या पुसून मूळ स्थितीवर आणाव्या लागतात. त्यात सुरक्षा-चिपची किंवा सिक्युअर बूटची मांडणीही बदलली, तर कुलूपबंद असलेली डिस्क ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागते. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत हे कुलूप मालकाच्या ध्यानात येण्यापूर्वीच लागलेले असू शकते. किल्ली बहुधा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. पण खात्याचा पासवर्डही त्याच संगणकात राहिला असेल, तर मुलीच्या लग्नाची छायाचित्रे आणि शेतीचे कागद डिस्कवर शाबूत असूनही उघडता येत नाहीत. ते ४८ अंक कागदावर उतरवून सात-बाराच्या उताऱ्यांशेजारी ठेवावयास दहा मिनिटे लागतात.