नाव चुकले तर



करी रोडहून परळकडे चालत गेले की हाफकिन संस्था लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा त्याचा जंतू हाँगकाँगला सापडून दोनच वर्षे झाली होती. जंतू कळला, पण तो उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे पक्के व्हायला आणखी सुमारे दहा वर्षे गेली. तोवर चाळी कार्बॉलिकने धुतल्या, माणसे घराबाहेर काढली. दोष आम्हां कष्टकऱ्यांच्या माथी!

पुढे शोधक यर्सिनवरून जंतूचे नाव ‘यर्सिनिया पेस्टिस’ रूढ झाले. पण एका सौम्य जंतूशी त्याचे रक्ताचे नाते इतके निकट, की १९८०-८१ च्या सुमारास काही शास्त्रज्ञांनी दोघांची एकच जात मानावी असे सुचविले. १९८५ साली नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ते नवे नाव फेटाळले. का? नावाच्या घोळाने माणसे गाफील राहतील आणि जिवावर बेतेल, म्हणून.

गिरणगावाला हे नवे नाही. साचा तोच, घाम तोच. पण मस्टरवर ‘बदली’ लिहिले की उद्याच्या कामाची शाश्वती गेली. वर्गीकरण ही केवळ विद्वानांची करमणूक नव्हे. म्हणून कोणी नाव ठेवू लागला, की आम्ही विचारतो: चुकले तर भोगणार कोण?